मोटार बंद होताच बोर्ड रीसेट होतो. ऑप्टोकपलर बदलूनही दोष परत का येतो

तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागेवरची मोबाइल स्टार्टरची, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद करणाऱ्या बोर्डाची, पेटी गेल्या हंगामात माझ्या टेबलावर तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा मालकांची तक्रार एकच होती. मोबाइलवरून मोटार बंद करण्याचा आदेश दिला की कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) सुटतो, पण थोड्या वेळाने मोटार आपोआप पुन्हा सुरू होते. बागायतदार रात्री घरी बसून मोटार बंद करून झोपत आणि पहाटे बागेत गेले की शेततळे काठोकाठ भरून पाणी बांधावरून वाहताना दिसे. माझ्याकडे येण्यापूर्वी दोन ठिकाणी या बोर्डावरचे ऑप्टोकपलर (तारेने न जोडता उजेडाने सिग्नल पलीकडे नेणाऱ्या चिप) बदलून झाले होते, आणि पहिल्या खेपेला मीही तेच केले, हे आधीच कबूल केलेले बरे. "दादा, ऑप्टो नवा घातला की आठ-पंधरा दिवस झक्कास चालतंय, मग परत पहिले पाढे पंचावन्न," असे ते दुसऱ्या खेपेला म्हणाले, तेव्हा मी बोर्ड बाजूला ठेवून मुळापासून तपासायला बसलो.

सांगली, मिरज आणि कुपवाड भागात असे बोर्ड तयार करणारे आणि दुरुस्त करणारे बरेच जण आहेत, आणि हा दोष त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. सुट्या भागांच्या दुकानात पीसी ८१७ हा नेहमीचा ऑप्टोकपलर काही रुपयांना मिळतो, चार पायांचा आहे, पाच मिनिटांत बदलता येतो. त्यामुळे संशय पहिल्यांदा त्याच्यावर जातो. माझा अनुभव असा आहे की, दोष परत परत येत असेल तर ऑप्टोकपलर बहुधा निर्दोष असतो आणि चूक त्याच्या आजूबाजूला असते.

पुढच्या तपासणीत काही ठिकाणी ४१५ व्होल्टशी संबंध येतो. जिथे मोजमाप चालू विजेवर करावे लागते तिथे एकटे काम करू नये, आणि बाकी सर्व तपासणी मेन स्विच काढून, बोर्डावरचे मोठे कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करूनच करावी. ऑसिलोस्कोप वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: स्कोपच्या प्रोबची अर्थ क्लिप स्कोपच्या धातूच्या अंगाला आणि तिथून भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेली असते, त्यामुळे ती फेजच्या बाजूच्या 'ग्राउंड'ला लावली तर थेट शॉर्ट होतो. माझ्या एका जुन्या प्रोबची क्लिप याच कारणाने अर्धी वितळलेली आहे.

आधी दोषाचे नेमके रूप ठरवावे

'मोटार पुन्हा सुरू होते' हे मालकाचे वर्णन झाले. तंत्रज्ञाने पाहायचे ते असे की, कॉन्टॅक्टर सुटताना प्रोसेसर रीसेट होतो का. या बोर्डावर प्रोसेसर सुरू होताना तीन वेळा लुकलुकणारा दिवा होता, आणि कॉन्टॅक्टर सुटला की तो लुकलुकत असे, म्हणजे रीसेट निश्चित होता. रीसेटनंतर प्रोग्रॅम मेमरीतली 'ऑटो' स्थिती वाचून मोटार परत चालू करत होता.

रीसेट दोन कारणांनी होऊ शकतो आणि ती दोन्ही एकाच क्षणी घडतात, म्हणून फसगत होते. मोटार बंद केल्यावर बोर्ड मालकाला 'मोटार बंद झाली' असा संदेश पाठवतो. त्या वेळी जीएसएम मॉड्यूल (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) क्षणभर जवळजवळ २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते, आणि सप्लाय कमजोर असेल तर व्होल्टेज खचून प्रोसेसर रीसेट होतो. दुसरे कारण कॉन्टॅक्टरच्या कॉइलचे: कॉइलमधला प्रवाह एकाएकी तोडला की तिच्या टोकांवर मोठा व्होल्टेज झटका उठतो, त्या कॉइलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या बोर्डावरच्या छोट्या स्विचच्या, म्हणजे रिलेच्या, संपर्कांमध्ये ठिणगी पडते आणि तो गोंगाट मिळेल त्या वाटेने बोर्डात शिरतो.

या दोन कारणांना वेगळे करण्याची पद्धत सोपी आहे. प्रथम रिलेवरून कॉइलची तार काढून ठेवली आणि चालू-बंदचे पन्नास आदेश दिले. रिले टकटकत राहिला, संदेश जात राहिले, एकदाही रीसेट झाला नाही. नंतर कॉइलच्या जागी २३० व्होल्टचे दोन सारखे बल्ब एकामागे एक जोडून लावले, कारण आमच्याकडच्या शेतीच्या स्टार्टरमध्ये कॉइल दोन फेजच्या मध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते. बऱ्याच पंपांपर्यंत न्यूट्रल पोहोचलेलाच नसतो. बल्बवरही रीसेट झाला नाही. कॉइल परत लावली आणि पाच-सहा आदेशांमागे एकदा दिवा लुकलुकू लागला. म्हणजे जीएसएम निर्दोष ठरले, कॉइलचा झटका पकडला गेला. पहिल्याच चाचणीत, कॉइल काढलेली असतानाही रीसेट होत असेल, तर ऑप्टोकपलरचा विचार सोडून जीएसएमजवळ १००० मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर आणि सप्लायच्या तारांची जाडी पाहावी.

दर वेळी न होता पाच-सहा वेळांतून एकदाच का होतो, याचेही कारण आहे. रिलेचा संपर्क ५० हर्ट्झच्या लाटेत कोणत्या क्षणी उघडेल हे नशिबावर असते. कॉइलमधला प्रवाह त्या वेळी शून्याजवळ असला तर काहीच होत नाही, आणि शिखराजवळ असला तर झटका जोरात बसतो. शिवाय शेतीची लाईन पाळीने कधी दिवसा, कधी रात्री असते; रात्री लोड कमी असल्याने व्होल्टेज चढलेले असते आणि झटकाही त्या प्रमाणात मोठा. बागायतदारांचे 'आठ-पंधरा दिवस झक्कास' हे बहुतेक दिवसपाळीचे दिवस होते. ऑप्टोकपलर बदलण्याचा आणि त्या दिवसांचा काही संबंध नव्हता.

भिंत घातली, पण परसदार एकच

ऑप्टोकपलरच्या आत एका बाजूला अवरक्त एलईडी आणि दुसऱ्या बाजूला फोटोट्रान्झिस्टर असतो. दोघांमध्ये तारेचा संबंध नाही, फक्त उजेड पलीकडे जातो. पीसी ८१७ च्या माहितीपत्रकात विलगीकरणाचा आकडा ५००० व्होल्ट दिलेला आहे, आणि तो वाचून आपण निर्धास्त होतो. तो आकडा चिपच्या आतल्या अंतराचा आहे, आपल्या बोर्डाचा नव्हे. दोन भावांनी वाटणी करून घराच्या मधोमध पक्की भिंत घातली, पण मागचे परसदार एकच ठेवले, तर कोंबड्या कुणाच्या कुठे जातात हे भिंतीला विचारून उपयोग नसतो. एलईडीच्या बाजूचा सप्लाय व ग्राउंड आणि ट्रान्झिस्टरच्या बाजूचा सप्लाय व ग्राउंड हे जोवर वेगवेगळे नाहीत, तोवर मध्ये ऑप्टोकपलर असणे म्हणजे एक महागडी तार असणे.

तपासायला मल्टिमीटरचा बझर पुरतो. वीज पूर्ण काढल्यावर एक टोक प्रोसेसरच्या ग्राउंडला आणि दुसरे टोक रिलेची कॉइल चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरला लावावे. बझर वाजला तर विलगीकरण नाही. मग दोन्ही बाजूंचे पाच व्होल्ट तसेच तपासावेत. या पेटीत दोन्ही वेळा बझर वाजला: एकाच पाच व्होल्टच्या एसएमपीएसवर (मेनच्या विजेपासून डीसी बनवणाऱ्या सप्लायवर) प्रोसेसर, जीएसएम आणि रिले असे तिघे बसलेले होते, आणि रिलेच्या आधीचे पीसी ८१७ निव्वळ शोभेचे होते.

बाजारात मिळणाऱ्या निळ्या रिलेच्या तयार मॉड्यूलमध्ये ही चूक जंपरच्या रूपात येते. त्या मॉड्यूलवर 'व्हीसीसी' आणि 'जेडी-व्हीसीसी' अशा दोन पिना छोट्या जंपरने जोडून दिलेल्या असतात. जंपर जागेवर आहे तोवर रिलेची कॉइल आणि ऑप्टोकपलरचा एलईडी एकाच सप्लायवर आहेत. तो काढून टाकावा, प्रोसेसरचे पाच व्होल्ट फक्त व्हीसीसीला द्यावेत, आदेशाच्या तारा इनपुट पिनांना जोडाव्यात आणि रिलेसाठीचा दुसरा सप्लाय जेडी-व्हीसीसी व ग्राउंड यांना द्यावा. इथे बहुतेकजण शेवटची चूक करतात: जंपर काढतात, सप्लाय वेगळा देतात, आणि सवयीने प्रोसेसरचा ग्राउंड मॉड्यूलच्या ग्राउंड पिनला जोडून ठेवतात. ती तार नको. एलईडीला लागणारा प्रवाह व्हीसीसीतून येऊन इनपुट पिनेतून प्रोसेसरमध्ये परत जातो. त्याला मॉड्यूलच्या ग्राउंडची गरजच नसते.

दुसरा सप्लाय म्हणून एक वॉटचा छोटा विलग डीसी-डीसी कन्व्हर्टर चालतो. पाच व्होल्टच्या निळ्या रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची, म्हणजे ती सुमारे ७० मिलिअँपिअर घेते, आणि एक वॉटमधून पाच व्होल्टला २०० मिलिअँपिअर मिळतात. दोन रिले निभावतात, तिसरा जोडू नये. मात्र या छोट्या कन्व्हर्टरचे विलगीकरण बहुधा १००० व्होल्ट डीसीचेच असते. गोंगाट अडवायला ते पुरेसे आहे, पण जिथे माणसाचा हात लागणारी बाजू फेजपासून दूर ठेवायची आहे तिथे त्याच्यावर भिस्त ठेवू नये; तिथे स्वतंत्र, चांगल्या दर्जाचा एसएमपीएस किंवा ट्रान्सफॉर्मर वापरावा.

स्नबर कुठे लावायचा

सप्लाय वेगळा करून काम भागले असते, पण झटका मुळातच कमी केलेला बरा. ऑप्टोकपलरच्या दोन बाजूंमध्येही थोडी धारिता (कपॅसिटन्स) असते. पीसी ८१७ मध्ये ती एक पिकोफॅरडच्या आत असते. ऐकायला नगण्य वाटते, पण एका मायक्रोसेकंदात १००० व्होल्ट चढणारा झटका एक पिकोफॅरडमधून एक मिलिअँपिअर पलीकडे ढकलतो, आणि बोर्डावरचे जवळजवळ गेलेले ट्रॅक त्यात आपली भर घालतात.

म्हणून कॉइलवर रेझिस्टर आणि कपॅसिटरचा स्नबर, म्हणजे झटका शोषणारी जोडी, लावला: १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड. येथे दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. पहिली, ४१५ व्होल्टच्या कॉइलवर नेहमीचा २७५ व्होल्टचा एक्स-२ कपॅसिटर लावू नये. ४४० व्होल्ट एसीला प्रमाणित असलेलाच घ्यावा, नाहीतर काही महिन्यांत तो फुगून पेटी काळी करतो. दुसरी सूचना मी स्वतः चूक करून शिकलो. स्नबर रिलेच्या संपर्कावर समांतर लावणे सोयीचे वाटते, कारण रिले बोर्डावरच असतो, पण ०.१ मायक्रोफॅरडमधून ४१५ व्होल्टला ५० हर्ट्झवर सुमारे १३ मिलिअँपिअर सतत वाहतात. लहान कॉन्टॅक्टरची कॉइल ओढलेल्या स्थितीत ८ ते १० व्होल्ट-अँपिअर घेते, म्हणजे जेमतेम २० ते २५ मिलिअँपिअर, आणि एकदा ओढल्यावर ती त्याहून कमी प्रवाहावरही चिकटून राहू शकते. मी स्नबर संपर्कावर लावलेला एक कॉन्टॅक्टर रिले उघडल्यावर सुटलाच नाही, नुसता घूं घूं करत राहिला. तेव्हापासून स्नबर कॉइलच्याच टर्मिनलवर, कॉन्टॅक्टरच्या अंगाला चिकटून लावतो.

दोन्ही दुरुस्त्या केल्यावर शंभर आदेश देऊन पाहिले, एकही रीसेट झाला नाही. सोबत प्रोग्रॅममध्ये रीसेटनंतरची पहिली स्थिती 'मोटार बंद' अशी करून घेतली, कारण वीज गेल्या-आल्यावर तरी प्रोसेसर नव्याने सुरू होणारच आहे.

बदललेला ऑप्टोकपलर नवा दोष कसा आणतो

त्याच बोर्डावर तीन फेज आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी आणखी ऑप्टोकपलर होते, आणि आधीच्या दुरुस्तीत तेही बदललेले होते. परिणामी दुपारी व्होल्टेज उतरले की बोर्ड 'फेज नाही' म्हणून मोटार पाडत असे. मालकांनी ही तक्रार वेगळी सांगितलीच नव्हती. लाईनच तशी आहे, असे ते समजत होते.

ऑप्टोकपलरच्या एलईडीत जितका प्रवाह सोडला त्याच्या किती टक्के प्रवाह पलीकडचा ट्रान्झिस्टर वाहू देतो, त्या प्रमाणाला सीटीआर म्हणतात. पीसी ८१७ मध्ये ५ मिलिअँपिअरवर हे प्रमाण ५० पासून ६०० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते. इतका पसारा असल्यामुळे कारखान्यातच निवड करून अंगावर अक्षर छापतात: 'ए' म्हणजे ८० ते १६०, 'बी' १३० ते २६०, 'सी' २०० ते ४००, 'डी' ३०० ते ६००. शिवाय एलईडीतला प्रवाह कमी केला की सीटीआर आणखी खाली येतो, आणि वर्षानुवर्षे उन्हात तापलेल्या पेटीत एलईडीचा उजेडही हळूहळू मंदावतो.

या बोर्डाचा हिशेब मांडून पाहू. दोन फेजच्या मध्ये ६८ किलोओहमचे तीन रेझिस्टर एकामागे एक, म्हणजे २०४ किलोओहम, सोबत १एन४००७ डायोड आणि मग एलईडी. ४१५ व्होल्टचे शिखर ५८७ व्होल्ट, म्हणजे शिखरावर एलईडीत २.९ मिलिअँपिअर. पलीकडे पाच व्होल्टला २.२ किलोओहमचा पुल-अप (आउटपुट वर धरून ठेवणारा रेझिस्टर) होता, म्हणून आउटपुट पूर्ण खाली ओढायला ट्रान्झिस्टरने सुमारे २.२ मिलिअँपिअर वाहून नेले पाहिजेत. दुपारी दोन फेजमधले व्होल्टेज ३०० ला आले की एलईडीचा शिखर प्रवाह २.१ मिलिअँपिअर होतो, आणि आता सीटीआर शंभर टक्क्यांच्या वर हवा, तोही कमी प्रवाहावर. मूळ बोर्डावर 'सी' अक्षराचे नग होते, ते निभावून नेत होते. दुरुस्तीत बिनअक्षराचे बसले आणि दुपारचा दोष जन्माला आला.

उपाय ऑप्टोकपलरमध्ये शोधला नाही. पुल-अप १० किलोओहमचा केला, तेव्हा गरज अर्ध्या मिलिअँपिअरवर आली आणि ५० टक्क्यांचा नगही मोकळीक ठेवून चालू लागला. पुल-अप वाढवला की आउटपुट सावकाश उठते, हे खरे. पण ५० हर्ट्झची नाडी मोजताना त्या मायक्रोसेकंदांच्या उशिराने बिघडत नाही. जिथे सिग्नलच वेगवान आहे, समजा सिरीयल डेटा आहे, तिथे मात्र पीसी ८१७ ला ताणत बसण्याऐवजी ६एन१३७ हा वेगवान ऑप्टोकपलर घ्यावा आणि त्याच्या सप्लायच्या पायांना लागून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यायला विसरू नये.

रेझिस्टर एकाऐवजी तीन का, असा प्रश्न नवीन मुले विचारतात. पाव वॉटचा साधा कार्बन फिल्म रेझिस्टर जास्तीत जास्त २५० व्होल्टसाठी असतो, मग त्याचा वॉट हिशेबात बसत असला तरी. ४१५ व्होल्टवर एकच रेझिस्टर ठेवला तर तो काही दिवसांनी आतून चिरतो, त्याचा रोध वाढत जातो, आणि आपण पुन्हा ऑप्टोकपलर बदलतो. तसेच पीसी ८१७ चा एलईडी उलट दिशेने फक्त ६ व्होल्ट सोसतो. १एन४००७ सोबत असला तरी त्याची गळती उलट व्होल्टेज एलईडीवर टाकू शकते, म्हणून एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड समांतर लावावा.

संशयित नगाची परीक्षा घ्यायची असेल तर तो बाहेर काढून ९ व्होल्टच्या बॅटरीवरून १.५ किलोओहममधून एलईडी पेटवावा, म्हणजे साधारण ५ मिलिअँपिअर जातात, आणि पलीकडे ५ व्होल्टच्या सप्लायला मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावून ट्रान्झिस्टरचा प्रवाह वाचावा. १० मिलिअँपिअर दिसले तर सीटीआर २०० टक्के. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर एलईडी एक-सव्वा व्होल्ट दाखवतो म्हणून नग चांगला, असे समजू नये. मंदावलेला एलईडीही तेवढेच दाखवतो.

जाता जाता: मोटार चालू असताना एक फेज गेला तर फिरती मोटार त्या तुटलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज उभे करते, आणि ऑप्टोकपलर बिचारा 'फेज आहे' असे सांगत राहतो. तो खोटे बोलत नसतो. अशा वेळी मोटार वाचवायला प्रवाह मोजणेच भाग आहे.

तिसरी खेप: फ्लोट स्विच उघडा, तरी बोर्ड म्हणतो बंद

दोन महिन्यांनी पेटी परत आली तेव्हा मला थोडी लाजच वाटली. तक्रार तीच होती, मोटार आपोआप सुरू होते. पण या वेळी सुरुवातीचा दिवा लुकलुकत नव्हता. प्रोसेसर शांतपणे, विचारपूर्वक मोटार चालू करत होता. चौकशीत कळले की मध्यंतरी मालकांनी नवे शेततळे केले आणि फ्लोट स्विचची केबल ६० मीटरवरून ३०० मीटरवर नेली, तीही मोटारीच्या केबलसोबत एकाच चरात.

शेततळे भरले की फ्लोट स्विच उघडतो, म्हणजे त्याचा संपर्क तुटतो, आणि ऑप्टोकपलर विझायला हवा. या इनपुटला पीसी ८१४ होता, म्हणजे आत दोन एलईडी उलटसुलट जोडलेले, आणि त्याला फ्लोट स्विचमधून ४१५ व्होल्टच दिलेले होते. केबल दोन्ही टोकांना सोडवून तिच्या दोन तारांमधली धारिता मल्टिमीटरने मोजली, तर ती ३० नॅनोफॅरडच्या आसपास भरली. केबलच्या दर मीटर लांबीला १०० पिकोफॅरड धरले तर हिशेब तंतोतंत जुळतो. ३० नॅनोफॅरड म्हणजे ५० हर्ट्झला सुमारे १०६ किलोओहम. स्विच बंद (संपर्क जुळलेला) असताना २०४ किलोओहममधून दोन मिलिअँपिअर जात होते, आणि स्विच उघडा असताना, केबलच्या अंगातूनच, १.८ मिलिअँपिअर. ऑप्टोकपलरला या दोन्हींत फरक कळणे शक्यच नव्हते. साठ मीटरच्या केबलमध्ये हा चोर प्रवाह पाऊण मिलिअँपिअरच्या आत होता, म्हणून तेव्हा निभावले.

एसीवर रेझिस्टर वाढवून किंवा समांतर लोड लावून हा दोष दाबता येतो, पण मी ते केले नाही, कारण पाण्यावर तरंगणाऱ्या स्विचला ४१५ व्होल्ट देणे हीच मुळात न करायची गोष्ट आहे. केबलची साल एखाद्या उंदराने कुरतडली तर तळ्यात हात घालणारा माणूस जिवानिशी जाईल. बोर्ड कुणी आखला हे सांगण्यात अर्थ नाही, पण असे आणखीही बोर्ड मी पाहिले आहेत. फ्लोटसाठी स्वतंत्र विलग २४ व्होल्ट डीसी दिले, २.२ किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर आणि पीसी ८१७ बसवला, म्हणजे तारेतून १० मिलिअँपिअर वाहतात. एलईडीला समांतर एक किलोओहम लावला, ज्यामुळे शेजारच्या मोटार केबलवरून उमटणारा सुमारे एक मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह एलईडीला न पेटवता बाजूने निघून जातो. डीसीला केबलची धारिता फक्त सुरुवातीला एकदा भरावी लागते, नंतर ती मध्ये येत नाही. प्रोग्रॅममध्ये स्विचची स्थिती सलग एक सेकंद तीच राहिली तरच मानायची, असे केले. पाण्याच्या लाटांवर फ्लोट हिंदकळतो, त्याचाही बंदोबस्त झाला.

ओल, धूळ आणि गाळ

शेवटी त्या दोषाबद्दल, जो कागदावरच्या सर्किटमध्ये दिसत नाही. ऑप्टोकपलरच्या दोन बाजूंच्या पायांमध्ये ७.६२ मिलिमीटर अंतर असते, सोल्डरचे पॅड धरले की ते सहाच्या आसपास उरते. त्या अंतरावर हळदीच्या गिरणीतली धूळ बसली, किंवा बेदाण्याला गंधकाची धुरी देतात त्या शेडजवळची हवा लागून तांबे काळे पडले, आणि त्यावर पहाटेचे दव आले, की ५००० व्होल्टची भिंत बाहेरून ओली होते. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर आलेल्या बोर्डांवर तर ऑप्टोकपलरच्या पोटाखाली कृष्णेचा गाळ वाळून बसलेला असे. वरून बोर्ड स्वच्छ, आणि दोष फक्त सकाळी आठपर्यंत. असा नग उचलून, खालची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुऊन, पूर्ण वाळवून, मगच बसवावा. नवीन बोर्ड आखताना त्याच्या पोटाखाली दोन मिलिमीटरची खाच पाडून घ्यावी आणि दोन्ही बाजूंचे ग्राउंड कॉपर खाचेपासून लांब ठेवावे. मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावायचा झाल्यास ५०० व्होल्टवर, प्रत्येक बाजूच्या सर्व तारा आपसात बांधून, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत लावावा. एकाच बाजूच्या दोन पायांवर चुकून लावला तर चांगला बोर्ड आपल्याच हाताने जातो.

तासगावची ती पेटी ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास परत जागेवर बसली. पावसाळ्याआधी तिकडे दुसऱ्या कामाला गेलो असता झाकण उघडून पाहिले: स्नबर थंड होता, टर्मिनल घट्ट होते, आणि केबल आत येण्याच्या भोकाला ग्लँड न लावल्यामुळे रिलेच्या शेजारी पालीने दोन अंडी घातली होती. ग्लँड बसवला आणि मालकांना ते भोक परत मोकळे ठेवू नका म्हणून सांगून आलो.